औषध एकटीनंच का घ्यायचं?

मैत्रिणींनो, या खेपेला लोणची-मुरांबे बाजूला ठेवू या. एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी विनंती आहे, ती अर्थातच पाळते. त्या लिहितात, "अंगावरून पिवळट-हिरवट पाणी जातं, वास येतो, खाज सुटते. तीनदा गोळ्या घेतल्या. पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच! माझ्याच अंगात काही दोष आहे का? सासूबाईंना सांगायची सोय नाही, ह्यांना सांगायची लाज वाटते."

ताई, आधी डोळे पुसा. तपासल्यावाचून नक्की निदान करता येत नाही. पण तुमच्या तिन्ही खेपांत एक गोष्ट राहून गेलेली दिसते. औषध तुम्ही एकट्यांनीच घेतलंत!

दोघी बहिणी एका उशीवर झोपतात. एकीच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि दुसरीचं डोकं तसंच ठेवलं, तर काय होईल? हेही तसंच आहे. ट्रायकोमोनास नावाचा एक सूक्ष्म जीव पती-पत्नीच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, म्हणून तो औषध घेत नाही, आणि बायको बरी झाली की पुन्हा तिला लागण होते. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, पूर्ण घ्यायचं आणि दोघांचं संपल्यावर आठवडाभर संबंध टाळायचा.

आता प्रत्येक वेळी घाबरायचंही कारण नाही, बरं का! दोन पाळ्यांच्या मध्ये पांढरं, चिकट, बिनवासाचं जाणं हे निरोगीपणाचंच लक्षण. दह्यासारखं जाऊन खाज सुटली, तर ती बहुधा बुरशी. मधुमेहात, गरोदरपणात किंवा अँटिबायोटिक गोळ्यांनंतर ती होते. त्यावरून नवऱ्यावर संशय घेऊ नका. पण पाण्याचा रंग-वास बदलला, जननेंद्रियावर फोड किंवा जखम दिसली, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त असं काही झालं, तर दुखणं अंगावर काढू नका. आतून साबणानं किंवा जंतुनाशकानं धुऊ नका, त्यानं त्रास वाढतो.

परमा आणि क्लॅमिडिया हे रोग तर पुष्कळदा गुपचूप राहतात. गर्भनलिका सुजून बंद होतात, मूल होत नाही, आणि बोल मात्र बाईलाच! गरमीची जखम दुखत नाही, आपोआप भरते. रोग मात्र रक्तात राहतो. गरोदर बाईला तो असेल तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं. म्हणून दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत व्हीडीआरएल आणि एचआयव्हीसाठी रक्त द्या. गरमीवर पेनिसिलिनचं इंजेक्शन आजही उत्तम चालतं. एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण रोजच्या गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो आणि बाळालाही वाचवता येतं. अलीकडेच धोका घडला असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. पहिल्या तपासणीत रोग कधी कधी दिसत नाही.

"माझं ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?" असं पुष्कळजणी म्हणतात. ऑपरेशन, तांबी आणि गोळ्या दिवस राहू देत नाहीत; रोग मात्र अडवत नाहीत. ते काम निरोधचं. संडासातून किंवा दोरीवरच्या साडीतून हे रोग येतात, ही समजूतही सोडून द्या.

राहिला प्रश्न ह्यांना सांगायचा. भांडणानं सुरुवात करू नका. हा जीव शरीरात महिनोन्‌महिने नकळत राहू शकतो. कुणाकडून, कधी आला ते ठरवणं कठीण. एवढंच म्हणा, "डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलंय." हे खोटं नाही, डॉक्टर खरोखरच बोलावतात. मारहाणीची भीती असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. त्या मार्ग काढतील.

खर्चाची काळजी नको. जिल्हा रुग्णालयांत सरकारी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथं तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून माहिती विचारता येते. नाव सांगावं लागत नाही.

घरातल्या सगळ्यांचं पथ्यपाणी आपण सांभाळतो. ताई, या खेपेला दवाखान्यात दोघं मिळून जा. आणि बरं वाटलं की दोन ओळी जरूर लिहा.