अली आणि टायसन यांच्यामधला विजेता : लॅरी होम्स

१/ हेवीवेट मुष्टियुद्धाच्या लोकप्रिय इतिहासात अलीनंतर थेट टायसन येतो. मधली वर्षे जणू अज्ञातवासात गेली. त्या वर्षांचा धनी होता लॅरी होम्स. जून १९७८ ते सप्टेंबर १९८५ अशी सव्वासात वर्षे आणि किताबाचे वीस यशस्वी बचाव. तोवर इतकी दीर्घ सलग कारकीर्द केवळ जो लुईच्या नावावर होती. लोकांचे प्रेम मात्र होम्सच्या वाट्याला आले नाही. का, त्याचा हा #धागा.

२/ जन्म जॉर्जियातला, वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या गावी. सातवीत शाळा सुटली, मग मोटारी धुण्याचे काम. पुढे तो अलीचा सरावातला जोडीदार झाला. त्याचे खरे शस्त्र डावा जॅब : पुढच्या हाताचा, सरळ जाऊन झटकन परत येणारा ठोसा. त्याने समोरचा एका फटक्यात कोसळत नाही. त्याला पाऊल मात्र धड टाकता येत नाही. प्रेक्षकांना अशा ठोशाचे कौतुक नसते. जाणकारांना असते, आणि होम्सचा जॅब हेवीवेटच्या इतिहासातला सर्वोत्तम मानणारे त्यांच्यात अनेक आहेत.

३/ २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. अली ३८ वर्षांचा, निवृत्ती मोडून परतलेला. वजन उतरवल्यामुळे दिसायला देखणा, आतून रिकामा. तिन्ही परीक्षकांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या. आपला जुना गुरू समोर नुसता मार खात उभा आहे हे पाहून होम्स रेफरीकडे वळून पाहत होता, हात आखडता घेत होता. अखेर दहाव्या फेरीनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी सामना थांबवला. जिंकलेला होम्स रडला.

४/ होम्स लढला नसता तर पळपुटा ठरला असता. हरला असता तर नकली विजेता. जिंकला, म्हणून मूर्तिभंजक ठरला. त्या अवस्थेतल्या अलीला रिंगमध्ये उतरवणारे प्रवर्तक आणि त्याला परवाना देणारे अधिकारी लोकांच्या रोषातून अलगद सुटले. मला ही गोष्ट त्या सामन्याइतकीच क्रूर वाटते.

५/ मग ११ जून १९८२. आव्हानवीर जेरी कूनी : गोरा, तगडा, २५ सामन्यांत अपराजित. पडद्यावरचा ‘रॉकी’ सिल्व्हेस्टर स्टॅलोन याच्यासोबत तो ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकला. मानधन दोघांना सारखेच. प्रथेनुसार विजेत्याची ओळख शेवटी करून देतात. त्या रात्री विजेत्याची आधी झाली. होम्सने तेराव्या फेरीत सामना संपवला. गंमत (हिला गंमतच म्हणायचे तर) अशी की, कमरेखाली मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले नसते, तर तोवर तीनपैकी दोन परीक्षकांच्या हिशेबात तोच पुढे होता!

६/ सप्टेंबर १९८५. होम्सचे ४८ विजय, पराभव शून्य. रॉकी मार्सियानोच्या ४९-० या विक्रमाला एक विजय कमी. समोर लाइट-हेवीवेट विजेता मायकेल स्पिंक्स. होम्स गुणांवर हरला आणि त्यानंतर दिवंगत मार्सियानोबद्दल अत्यंत हिणकस असे एक वाक्य बोलून गेला. ते समर्थनीय नाही. पण ४८ सामने एका पारड्यात आणि एक वाक्य दुसऱ्या पारड्यात घालून वाक्याचे पारडे जड ठरवणारा तराजू कुठल्या दुकानातला?

७/ आक्षेप आहेत. किताब तेव्हा संघटनांमध्ये विभागलेला होता. दुसऱ्या पट्ट्याच्या मानकऱ्यांशी त्याची निर्णायक लढत झाली नाही. १९८३मध्ये टिम विदरस्पून आणि १९८५मध्ये कार्ल विल्यम्स यांच्याविरुद्धचे निकाल वादग्रस्त ठरले, आणि दोघांनाही त्याने पुन्हा संधी दिली नाही. हे त्याच्या खात्यावर नोंदवलेच पाहिजे. त्याच खात्यावर १९७९मधली अर्नी शेव्हर्सविरुद्धची सातवी फेरीही हवी : त्या काळच्या सर्वांत जबर ठोशाने आडवा झालेला होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. आणि १९८३ची ती रात्रही, जेव्हा जो फ्रेझरच्या मुलाला, मार्व्हिसला, पहिल्याच फेरीत झोडपत असताना ‘आता थांबवा’ म्हणून त्यानेच रेफरीला हाताने खुणावले.

८/ होम्सचा एकच सामना पाहायचा असेल तर अलीचा नको. ९ जून १९७८चा केन नॉर्टनविरुद्धचा पाहा. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांचे गुण समसमान. पंधरावी फेरी तीन मिनिटांची. दोघांचे हात जड झालेले, पाय उरलेले नाहीत, तरी कोणी मागे हटत नाही. अखेर दोन परीक्षकांचा कौल होम्सच्या बाजूने, तोही केवळ एका गुणाने. त्याची सव्वासात वर्षे त्या एका गुणापासून सुरू झाली.