सून परदेशातली, चूल सासरची

विवाहाने देश बदलतो, नाव बदलते, कालांतराने नागरिकत्वही बदलते. जीभ मात्र माहेरचीच राहते. या जिभेशी माता आणि बालक यांचे पोषण निगडित असते, याचा अनुभव दक्षिण कोरिया गेली काही दशके घेत आहे.

शेतीत राहिलेल्या कोरियन पुरुषांना गावात वधू मिळेनाशा झाल्या, तेव्हा व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि चीन येथील मुली लग्न करून तेथे येऊ लागल्या. २००५ मध्ये त्या देशातील दर १०० विवाहांपैकी सुमारे १३ विवाह परदेशी जोडीदाराशी झाले होते.

व्हिएतनामी मुलगी मोकळा भात, मासळीचे आंबवलेले पाणी आणि ताजा हिरवा पाला यांवर वाढलेली. सासरी तिच्या पुढ्यात येतो आखूड दाण्याचा चिकट भात, तिखट किमची आणि आंबवलेल्या सोयाबीनचे सूप. तिला प्रिय असलेल्या कोथिंबिरीचा वासही अनेक कोरियनांना सोसत नाही. बोलायला भाषा नाही. मग ती चार घास कमी खाते. पुष्कळदा भाषा येण्यापूर्वीच मातृत्व येते. अशा वधूंच्या आहारात तेथील अभ्यासकांना लोह आणि कॅल्शियम कमी आढळले, यात नवल ते काय?

बाळंतपणात तर हा पेच अधिकच घट्ट होतो. कोरियन सासू सुनेला समुद्रशैवालाचे सूप दिवसातून अनेकदा पाजते. सुनेची आई मात्र दूध यावे म्हणून कच्च्या पपईचे सूप करून देणारी. आपल्याकडे अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू असतात, तसेच हे. सासूची माया खोटी नाही. परंतु तिच्या मायेत सुनेच्या आईच्या शहाणपणाला जागा नाही.

कोरियन शासन स्वस्थ बसले नाही. २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. अल्प उत्पन्न गटातील गर्भवती, स्तनदा माता आणि बालके यांना पूरक आहार व मार्गदर्शन देणारी 'न्यूट्रीप्लस' योजनाही त्याच वर्षी देशभर लागू झाली. हे स्तुत्यच आहे. तथापि, साहाय्य केंद्रांतील पाकवर्गांचा मुख्य रोख सुनेला कोरियन स्वयंपाक शिकवण्यावर राहिला. पतीला आणि सासूला तिच्या माहेरचा एखादा पदार्थ शिकवावा, असे किती जणांना सुचले?

काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, तीळ आणि हिरवा पाला यांतून कॅल्शियम मिळते; तिच्या परिचयाच्या अन्नातूनच तिची उणीव बरीचशी भरून निघू शकते. आहाराचा सल्ला तेथून सुरू व्हावयास हवा.

आज आपली मुलेही परदेशात परभाषी, परदेशी जोडीदार निवडतात. तेथे जाणाऱ्या किंवा तेथून येणाऱ्या सुनेला आपण वरण-भात प्रेमाने वाढू. पण त्याआधी 'तुझ्या घरी बाळंतिणीला काय देतात?' एवढे तिला विचारले पाहिजे, आणि ती सांगेल ते आपल्याच चुलीवर शिजवलेही पाहिजे.