‘पंचधातूची तोफ’ म्हणणे आता पुरे

१/ देवगाव रंगारीहून वेरूळमार्गे दौलताबाद गाठावे, मेंढा तोफेपाशी उभे राहावे, की पाच मिनिटांत कुणीतरी सांगतेच : ‘पंचधातूची आहे, म्हणून गंजली नाही.’ हेच वाक्य रील्समधून किल्ल्याकिल्ल्यावर फिरते आहे. आजचा धागा या एका शब्दाविरुद्ध.

२/ पंचधातू ही संज्ञा खोटी नाही. तिचे घर देव्हाऱ्यात आहे. सोने, चांदी, तांबे आणि जोडीला जस्त, कथील, शिसे, लोखंड यांपैकी दोन, ही यादी मूर्तीच्या पावित्र्यासाठी. तोफेच्या ओतशाळेत ती घेऊन जा आणि पाहा. शिसे घन तांब्यात विरघळत नाही, थिजताना वेगळे थेंब होऊन राहते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे तांबे वितळण्याच्या (१,०८५ अंश) कितीतरी आधी. त्यातले बरेचसे धूर होऊन जाते. लोखंडाला १,५३८ अंश लागतात. सोन्याने तोफेला काय बळ येणार, हे कुणी सांगत नाही.

३/ आणि गंज? तो लोखंडाला चढतो. तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट-काळसर थर धरतो व तोच आतल्या धातूला राखतो. आजीच्या तांब्याच्या घंगाळ्यावरही धरतो. त्याला कुणी गूढ म्हणत नाही.

४/ ओतीव तोफेचा खरा विषय आहे तांबे आणि कथील. शुद्ध तांबे मऊ असते, कारण त्याच्या स्फटिकात अणूंच्या रांगा कुठे कुठे चुकलेल्या असतात. ही चूक रांगेरांगेने पुढे सरकते आणि धातू वाकतो. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा मोठा. तो मध्ये शिरला की आजूबाजूची रांग ताणली जाते, सरकणारा दोष तिथे अडतो, धातू कणखर होतो. पण प्रमाण वाढवत नेले की ओतकामात एक निराळी प्रावस्था उपजते : अतिशय कठीण आणि ठिसूळ. तांबे-कथिलाची प्रावस्था आकृती म्हणजे या सीमारेषांचा नकाशा. दहा टक्क्यांच्या आसपास कथील, तर तोफेचा धातू. वीस-बावीस टक्के, तर घंटेचा.

५/ आता १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान घ्या. वजन सुमारे ५५ टन. परीक्षणात नोंदले गेलेले प्रमाण : तांबे जवळपास ८० टक्के, कथील जवळपास २०. दोनच धातू! शिवाय प्रमाण घंटेचे. म्हणूनच ती ठोकली तर घणघणते, असे सांगतात.

६/ इतका ठिसूळ धातू रूमी ओताऱ्याने का पत्करला? माझे मत असे : वीस टक्के कथिलाने मिश्रण जवळपास दोनशे अंश आधी पूर्ण वितळते आणि साच्यात चांगले वाहते. ५५ टन रस एकसंध ओतायचा तर ही सवलत फार मोठी. ठिसूळपणाची भरपाई त्याने जाडीने केली. नळीची भिंत सुमारे सव्वा फूट आहे. हा हिशेब आहे, आणि तो जोखमीचा हिशेब आहे.

७/ अजून एक गुणाकार करा. ५५ टनांचे २० टक्के म्हणजे ११ टन कथील. दख्खनच्या काळ्या पाषाणात कथील नाही. हिंदी महासागराच्या व्यापारात ते मुख्यतः मलाया द्वीपकल्पाकडून येई; निजामशाहीचे समुद्रावरचे दार होते चौल. जहाज, बंदर, घाट, बैलांचे तांडे, दलाल, कोळसा, भाते. ‘पंचधातू’ म्हटले की हे सारे एका क्षणात पुसले जाते.

८/ ‘आमच्या पूर्वजांचे गुप्त ज्ञान तुम्हाला खुपते,’ असे मला मागच्या धाग्याखाली लिहिले गेले. खुपते ते ‘गुप्त’. गुप्त म्हटले की विचारायचे काही उरत नाही आणि ज्याने भट्टीसमोर उभे राहून प्रमाण ठरवले तोही उरत नाही. मलिक-ए-मैदानवर ओताऱ्याचे नाव कोरलेले आहे. वाचायचे कष्ट मात्र आपण घेत नाही. १८५४ साली हीच तोफ कंपनी सरकारने निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढली होती आणि बोली आली १५० रुपयांची. तो लिलाव सुदैवाने रद्द झाला.

९/ मागणी साधी आहे. हातात मावणाऱ्या क्ष-किरण यंत्राने ओरखडाही न काढता धातूचे घटक काही मिनिटांत कळतात. वरच्या थराचा हिशेब तेवढा करावा लागतो. दौलताबादच्या मेंढा तोफेचे असे परीक्षण करून आकडे शेजारच्या फलकावर मराठीत लिहावेत. पाच धातू निघाले तर हा धागा मी स्वतः खोडेन.