पाखरं वर, मासा खाली

मे महिन्याची संध्याकाळ, हिमाचलमधली तीर्थन नदी, गुडघ्यापर्यंत बर्फगार पाणी आणि हातात भाड्याने घेतलेला फ्लाय रॉड. सीन एकदम पोस्टकार्ड! पाण्यावर मेफ्लाय नावाचे नाजूक किडे... शेकड्यांनी. शिडासारखे पंख उभे करून प्रवाहाबरोबर तरंगत चाललेले. आणि त्यांच्या अधेमधे ट्राउट माशांची गोल गोल वलयं. माझ्या गळाला त्याच किड्याची पिसांनी केलेली हुबेहूब नक्कल. म्हणजे बॉस, परीक्षेआधी पेपर फुटलेला!

पाऊण तासात किती मासे लागले असतील? शून्य. बरं, मासे नव्हते असंही नाही. माझ्या नकली किड्याच्या टीचभर अंतरावर वलय उठायचं आणि किडा तसाच पुढे वाहत जायचा. खरे किडेसुद्धा तसेच सहीसलामत वाहत चालले होते, हे मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सोबतचा गाइड शांतपणे बिडी ओढत बसला होता. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, ऊपरवाला खा ही नहीं रहा वो.’

आणि मला एकदम पिंगळी आठवलं.

पिंगळी म्हणजे माझं आजोळ. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारं छोटंसं स्टेशन. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि उन्हाळ्यात चाळिशीच्या खूप वर गेलेला पारा. ट्राउटला लागतं थंड, खळाळतं पाणी. इंग्रजांनी तो काश्मीरमध्ये आणून सोडला आणि थंड डोंगरी नद्यांमध्ये तो रमला. पिंगळीत त्याचा एक तासही निभाव लागणार नाही. पण मामा आहे ना!

मी तेव्हा चौथीत. मृगाचा पहिला दणकून पाऊस पडून गेलेला, आणि संध्याकाळी वारुळांतून वाळवीची पाखरं थव्यांनी बाहेर पडलेली. ओढ्याच्या डोहावर तर नुसता सडा. पाण्यात बुळुक बुळुक चाललेलं. मी हुशारी करून गळाला दोन गुबगुबीत पाखरं टोचली आणि टाकली. अर्धा तास काही नाही. मामा बांधावर बसून बघत होते.

‘काय बघायलीस, माय?’

‘मामा, मासे पाखरं खायलेत, पण माझी घेईनात.’

‘कोण म्हणलं पाखरं खायलेत? तोंड दिसलं का तुला माशाचं? पाठ दिसायलीय नुसती. पाठ वर म्हणजे तोंड खाली.’

मग त्यांनी मोरपिसाची दांडी सरकवून गळ वीतभर खाली सोडला, बारका गळ बांधला, त्याला गांडुळाचा इवलासा तुकडा. दहा मिनिटांत मासा! घरी विळीवर मामीने त्याचं पोट चिरलं तेव्हा मामांनी मुद्दाम मला हाक मारली. आत बारीक, लालसर, दोऱ्यासारख्या अळ्यांचा गोळा. पाखराचा एक पंखसुद्धा नाही.

आता कळतं, त्या बहुतेक चिखलात वाढणाऱ्या, न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या असणार. ही चिलटं मोठी होताना तळातून पृष्ठभागाकडे निघतात, आणि त्या प्रवासात ती माशाला आयतीच सापडतात. मासे पाखरं खातच नाहीत असं मुळीच नाही हं. खातात, कधीकधी तुटून पडतात. फक्त त्या संध्याकाळी खात नव्हते.

तीर्थनवरही हाच फंडा. मेफ्लाय आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली अळीसारखा काढतो. त्याला निम्फ म्हणतात. वेळ आली की तो वर येतो, पृष्ठभागाशी अडकतो, कातडी फाडून बाहेर पडण्याची धडपड करतो, आणि मग पंख वाळवून उडतो. आपल्याला दिसतो तो शेवटचा, पंखवाला टप्पा. माशाच्या दृष्टीने तो सगळ्यात बेभरवशाचा, कारण तोंड उघडेपर्यंत उडून गेला तर? त्यापेक्षा बोटभर खाली कातडीत अडकलेला किडा पळूच शकत नाही. वाहत्या पाण्यात प्रत्येक हालचालीला ताकद लागते. ती वाया घालवणारा मासा फार मोठा होत नाही.

दुसरी एक शक्यता आणखी छळणारी. मोठे किडे ठसठशीत दिसतात म्हणून आपण तेच बघतो, आणि त्याच वेळी तांदळाच्या कणीएवढे दुसरे किडे हजारोंनी वाहत असतात. मासा त्यांच्यावर ताव मारत असतो. एकदा त्याची नजर एका आकारावर बसली की बाकीचं त्याला जणू दिसतच नाही. डच अभ्यासक लुक टिनबर्गन यांनी पक्ष्यांच्या बाबतीत ही गोष्ट मांडली होती. ते काम १९६०मध्ये प्रसिद्ध झालं. ऑफिस कँटीनमध्ये रोज डोळे मिटून इडलीच घेणारे तुमच्याही टीममध्ये असतीलच!

आणि पाण्याखालून जग दिसतं कसं? माशाला बाहेरचं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा. त्यामुळे वर बसलेल्या किड्याचे आधी फक्त पायांचे ठिपके दिसतात. खाली लोंबकळणारा किडा मात्र पूर्ण दिसतो. त्यात माझ्या नकली किड्याला दोरीची ओढ. खरे किडे पाण्याच्या वेगाने चाललेले, माझा मात्र बारीकशी रेघ ओढत तिरका. लांबून मला ती रेघ दिसतही नव्हती.

गंमत म्हणजे यावरून इंग्लंडमध्ये टोटल राडा झालाय. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६च्या पुस्तकातून वर तरंगणाऱ्या नकली किड्यांची बाजू इतकी ठाम लावून धरली, की त्यांच्या चेल्यांना पाण्याखाली गळ सोडणं जवळजवळ असभ्यपणा वाटायला लागला. मग आले जी. ई. एम. स्क्यूज, पेशाने लंडनचे सॉलिसिटर. १९१०च्या पुस्तकात त्यांनी म्हटलं, मासा पाण्याखाली खात असेल तर आपणही खालीच जायला हवं. हा गृहस्थ धरलेल्या माशाच्या पोटातला ऐवज हाडातला मगज काढायच्या लांब चमच्याने बाहेर काढून बघायचा. वाद इतका चिघळला की १९३८मध्ये, स्क्यूज ऐंशीच्या घरात असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर चर्चा भरवावी लागली. माझं मत? मी पूर्णपणे स्क्यूजच्या पार्टीत. अर्थात मामीची विळी त्या चमच्यापेक्षा भारी.

तर, तीर्थनच्या काठावरून मी मामांना फोन लावला. रेंज एकाच दगडावर होती. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘वलय फुटल्यावर बुडबुडा राहायलाय का?’ वरचा किडा घेताना माशाच्या तोंडात हवा जाते, म्हणून मागे बुडबुडा राहतो. खाली खाल्लं तर बहुतेक वेळा नाही. मी पाऊण तास नदी बघत होते आणि बुडबुडा एकदाही बघितला नव्हता. मग बघितलं. नव्हता. गाइडने निम्फ बांधून दिला, तिसऱ्या फेकीत ट्राउट! फोटो काढून सोडून दिला.

फोनवर मामा शेवटी म्हणाले, ‘जूनमध्ये ये. आता मला बुडबुडे दिसत नाहीत.’

मी हसण्यावारी नेलं. नंतर मामीकडून कळलं, काचबिंदू. समोरचं दिसतं, कडांचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं. गेलेली नजर परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल असं डॉक्टर म्हणालेत. मामा थेंब विसरतात. की कंटाळा करतात, कोण जाणे. एका डेडलाइनपायी मी दोन वर्षं ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत होते, ते असो.

जूनमध्ये गेले. पाऊस झाला होता, पाखरं उठली होती. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवूनच बांध उतरला. काठी मी धरली, दोरा त्यांच्या बोटावरून गेलेला. डोहात बुळुक झालं.

‘राहिला का?’

‘नाही राहिला, मामा.’

‘नीट बघ.’

मी पुढच्या चार वलयांपर्यंत थांबले. एकातही नव्हता.

‘मग सोड वीतभर खाली,’ ते म्हणाले, आणि दोरा बोटावर ताणून धरला.