तायांनो, आता विधानसभेचा अर्ज भरा

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि खान्देशात जे घडलं, त्याची व्हावी तेवढी चर्चा झालीच नाही. रावेर, जळगाव आणि धुळे या तिन्ही मतदारसंघांतून बायाच निवडून आल्या. रावेरातून रक्षा खडसे, जळगावातून स्मिता वाघ, धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव. पक्ष एक नाही, पण तिघींची सुरुवात कुठून झाली ते पाहा. रक्षाताई कोथळीच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषदेत गेल्या. स्मिताताईंनी जळगाव जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं. शोभाताई नाशिकच्या महापौर होत्या. गावचा, जिल्ह्याचा, शहराचा कारभार करून या बाया दिल्लीला पोचल्या.

पाच महिन्यांनी विधानसभेचा निकाल आला. जळगाव जिल्ह्यात ११ जागा, धुळे जिल्ह्यात ५. या १६ जागांवर बाई किती? एक. साक्रीच्या मंजुळा गावित. उभ्या महाराष्ट्रात २८८ पैकी २१. जळगाव शहरात माजी महापौर जयश्री महाजन लढल्या, हरल्या; पण लढल्या, हे मी महत्त्वाचं मानतो. बाकी प्रमुख पक्षांच्या याद्या चाळल्या तर बायांची नावं बोटांवर मोजावी लागतात. ज्या मतदाराला बाई खासदार चालते, त्याला आमदार चालणार नाही, हे मला पटत नाही. खोट उमेदवारी वाटणाऱ्यांत आहे आणि उमेदवारी मागायला न जाण्यातही आहे.

याच दोन जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींत, पंचायत समित्यांत, नगरपालिकांत निम्म्या जागा बायांच्या आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे, त्याआधी ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा दिल्याच होत्या. म्हणजे तीस वर्षांत सासू आणि सून अशा दोन पिढ्या कारभार शिकून तयार झाल्या. आणि त्यांचं आपण केलं काय? पाच वर्षं झाली, आरक्षण फिरलं, की ताई पुन्हा चुलीपुढे. एवढी शिकलेली माणसं कुठलाही शहाणा समाज अशी घरी बसवत नाही.

सरपंचबाई नेमकं काय करते, हे ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांनी एप्रिलमध्ये अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याच्या एखाद्या कोरड्या गावात जावं. विहिरींनी तळ गाठलेला असतो. बाई मासिक सभेत टँकरचा ठराव घेते. लोकसंख्या किती, जनावरं किती, गावात पाण्याचे उद्भव किती, हे सगळं ग्रामसेवकाकडून भरून घेते. प्रस्ताव पंचायत समितीत जातो, साहेब लोक पाहणीला येतात. कुणाची तरी खासगी विहीर अधिग्रहित करायची असते आणि तो शेतकरी रुसून बसतो. मग बाई संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसते, आधी त्याच्या मायला समजावते, मग त्याला. टँकर येतो तेव्हा पहिली खेप कोणत्या गल्लीत रिकामी करायची, यावर भांडण पेटतं. तेही तीच मिटवते. जिनं टंचाईत अख्खं गाव सांभाळलं, तिला अर्थसंकल्पावर बोलता येणार नाही असं म्हणण्याची हिंमत कुणाची आहे?

पण तिच्या ठरावाचा जोर तालुक्याच्या कचेरीत संपतो. पाडळसरे धरणाला यंदा किती पैसे मिळणार, हे ग्रामसभा ठरवत नाही. निम्न तापीचा हा प्रकल्प पाव शतकाहून अधिक काळ अपुरा राहिला आहे. अमळनेरकरांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली, धरण तरी अपुरंच. रावेर-यावलच्या केळीला हवामानाच्या विम्यात कोणत्या तापमानाला भरपाई मिळायची, तो निकष मुंबईत ठरतो. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकानंच कारभार हाकला. लोकांनी निवडलेलं सभागृहच नसेल, तर बाईनं गाऱ्हाणं मांडायचं कुठे? जिथे हे निर्णय होतात त्या सभागृहात टँकरचा ठराव लिहिलेला हात असला पाहिजे. दिल्लीत तीन बाया आणि मुंबईत एक, हे गणित आपण उलगडलंच पाहिजे.

म्हणून सांगतो, आपली ओळख आता स्वतः करून द्या. चौकातल्या फ्लेक्सवर तुमचा फोटो कोपऱ्यात आणि नवऱ्याचा मोठा, हे बंद करा. सभेत ‘अमुक आबांच्या सूनबाई’ म्हणून पुकारा झाला, तर माइक हाती घ्या आणि सांगा: मी या गावची सरपंच. माझ्या काळात शाळेच्या दोन खोल्या झाल्या, तिसरी राहिली आणि ती का राहिली तेही सांगते. घरपट्टीची वसुली एवढी झाली, वित्त आयोगाचा पैसा असा खर्च झाला, हिशेबाची वही टेबलावर ठेवली आहे, ज्याला पाहायची त्यानं पाहावी. दारूच्या दुकानाविरुद्ध महिला सभेत ठराव घेतला तेव्हा मला धमक्या आल्या, तरी तो मागे घेतला नाही. आता मला विधानसभेत जायचं आहे, कारण गावात बसून जे झालं नाही ते तिथे करायचं आहे. एवढं बोलायला भाषणाची कला लागत नाही, केलेलं काम लागतं. ते तुमच्याकडे आहे.

तिकीट मिळालं नाही तर काय, असा प्रश्न येणारच. मंजुळा गावित धुळ्याच्या महापौर राहिल्या होत्या. २०१९ मध्ये पक्षाच्या उमेदवारीविना, अपक्ष म्हणून साक्रीतून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. २०२४ मध्ये त्यांनी शिवसेनेकडून पुन्हा विजय मिळवला. आदिवासी राखीव मतदारसंघात, बाईनं, पक्षाच्या चिन्हाशिवाय २०१९ मध्ये हे करून दाखवलं. आणि हा वारसा आजचा नाही. १९६२ साली नाडगावची लेक, जळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या प्रतिभाताई पाटील २७ व्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबादनं त्यांना सलग निवडून दिलं आणि २००७ साली त्या राष्ट्रपती झाल्या. साठ वर्षांपूर्वीच्या खान्देशी मतदाराला जे जमलं, ते आज का जमू नये?

घराण्याच्या आधारानं वर आलेल्या बाया आहेत, हे खरं आहे. म्हणूनच ज्यांच्या मागे घराणं नाही, त्यांनी पुढे यायला हवं. महिला आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेली आहे. त्या तारखेकडे डोळे लावून आणखी एक पिढी वाया घालवू नका. पैशाची अडचण खरी आहे, चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी तोंडं खरी आहेत, त्यांना एकट्या बाईनं तोंड देऊ नये. बचत गट, महिला मंडळं, गावातल्या शिक्षिका, आशाताई, अंगणवाडी सेविका यांनी तिच्या बाजूनं उभं राहावं. आणि पक्षांच्या जिल्हाध्यक्षांना आताच, निवडणूक लांब असताना, लेखी विचारावं: आमच्या जिल्ह्यात तुम्ही किती बायांना उमेदवारी देणार?

कायदा तुमच्या आड येत नाही. वय २५ पूर्ण हवं, राज्यातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव हवं, अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या एका मतदाराची सूचक म्हणून सही लागते, अपक्षाला दहा मतदारांच्या. त्या दहा नावांची यादी तयार करायला लागा. आणि दादा, आप्पा, बापू, तुमच्या गावची ताई ती यादी घेऊन दारात आली, तर तिला ‘घरच्यांना विचारलं का?’ असं म्हणू नका. सही करा आणि पुढच्या घरी तिच्यासोबत चला.