पुस्तक उघडायचे, पण कोणते?

परीक्षेला पुस्तक घेऊन बसू द्यावे, असे म्हटले की आमच्या व्यवसायातील बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. 'म्हणजे कॉपीला परवानगीच की!' हा पहिला उद्गार आणि 'मग आम्ही शिकवायचे कशाला?' हा दुसरा. पहिल्यात विद्यार्थ्यांविषयीचा अविश्वास आहे, दुसऱ्यात स्वतःच्या कामाविषयीचा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मराठी शिकवणाऱ्या आम्हां काही जणांचे म्हणणे मात्र नेमके उलट आहे. साहित्याच्या परीक्षेत पुस्तक बंद ठेवणे हीच खरी विसंगती होय. वर्षभर जी वस्तू आम्ही वर्गात शिकवतो, तीच परीक्षेच्या दिवशी भरारी पथकाच्या लेखी गुन्ह्याचा पुरावा ठरते.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. घरोघरी पुस्तके मांडलेली; कोणीही यावे, हवे ते उचलावे, निवांत बसून वाचावे. त्याच जिल्ह्यात बी.ए.चा विद्यार्थी कादंबरीवर लिहायला बसतो तेव्हा ती कादंबरी वर्गाबाहेर, दप्तरांच्या ढिगात असते. गावकऱ्यांनी वाचकावर टाकलेला विश्वास आम्ही अध्यापक टाकू शकत नाही!

मध्यंतरी अंतर्गत मूल्यमापनाची एक चाचणी आम्ही या पद्धतीने घेतली. नेमलेली कृती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातील ही कथा. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर लेखकाचे माडगूळ सांगली जिल्ह्यात. म्हणजे दोन्हीकडच्या मुलांना ही भूमी परकी नव्हे. वर्गाची दारे उघडी ठेवली होती. पाणी प्यायला उठायची मुभा होती, वेळेची घाई नव्हती, पर्यवेक्षकाच्या येरझाऱ्या नव्हत्या. प्रश्न एकच होता : 'मास्तर गावाला वळण लावतो' या विधानाला कादंबरीतून आधार द्या, आणि त्याच्या विरोधात जाणारी स्थळेही दाखवा.

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने नंतर आपला अनुभव सांगितला. पहिला अर्धा तास तिला सहलीला आल्यासारखे वाटले. पाठ केलेले विसरेल ही भीतीच नव्हती. मग ती पाने चाळू लागली आणि अडली. 'सर, गाईडात लिहिलंय की मास्तरनं गाव सुधारलं. पण शाळा भरते, तालीम उभी राहते आणि पाऊस नाही म्हणून गावच उठून जातं. मग सुधारलं म्हणायचं कशाला?' हा प्रश्न तिला तीन तासांच्या नेहमीच्या परीक्षेत पडला नसता. तेथे 'ग्रामजीवनाचे चित्रण रेखाटा' असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आधीच तयार असते. सैल वाटणारी ही परीक्षा अवघड निघाली, कारण तिने विद्यार्थिनीला कादंबरीसमोर एकटे बसवले.

परंतु त्याच दिवशी दुसरीही गोष्ट उघड झाली. पुस्तक आणायला सांगितल्यावर वर्गातील अनेकांनी गाईड आणले, काहींनी गाईडची झेरॉक्स. मूळ कादंबरी मोजक्याच बाकांवर होती. आमच्या मते खरा वाद येथे आहे. पुस्तक उघडावे की मिटावे, हा प्रश्न नंतरचा. आधी ते विद्यार्थ्याच्या हाती आहे काय? बंद पुस्तकाची परीक्षा हे दारिद्र्य झाकून ठेवते. कादंबरी न पाहिलेला विद्यार्थी तिच्यावर पहिल्या वर्गाचे गुण मिळवू शकतो आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

नुसते पुस्तक उघडल्याने सारे साधत नाही, हेही मान्य केले पाहिजे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१४ मध्ये नववी-अकरावीसाठी खुल्या मजकुरावरील परीक्षा आणली. मजकूर काही महिने आधीच वाटला जाई. साहजिकच उत्तरेही आधी घोटून ठेवता येत. २०१७-१८ पासून तो प्रयोग थांबला. आता नववीसाठी २०२६-२७ पासून नव्या योजनेला मंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, दिल्ली विद्यापीठाने घरबसल्या उघड्या पुस्तकाची परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांच्यापाशी पुस्तक नाही आणि इंटरनेटही नाही त्यांनी काय करायचे, हाच आक्षेप पुढे आला. आपल्याकडील विद्यापीठांनी त्या काळात बहुतांशी बहुपर्यायी प्रश्नांचा आश्रय घेतला. कवितेच्या आकलनासाठी चार पर्यायांपैकी एकावर खूण! यापेक्षा साहित्याचा अवमान तो कोणता?

आता कोणी म्हणेल, पाठांतराची आपली परंपरा मोडीत काढता काय? मुळीच नाही. वारकऱ्याला हरिपाठ मुखोद्गत असतो, कारण तो रोज म्हणतो. त्याच्या पाठांतरात मूळ शब्द आहेत. आमचा विद्यार्थी कविता पाठ करत नाही, कवितेवरचे दुसऱ्या कोणाचे उत्तर पाठ करतो. याला पाठांतर म्हणणे हा त्या परंपरेवरच अन्याय आहे.

विरोधाचे खरे कारण निराळे आहे, असा आमचा संशय आहे. उघड्या पुस्तकाच्या परीक्षेत प्रत्येक उत्तर वेगळे येते आणि म्हणून प्रत्येक उत्तर वाचावे लागते. नमुना उत्तराशी चार मुद्दे जुळवून गठ्ठा संपवता येत नाही. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे न भरता तासिका तत्त्वावर विभाग चालवायचे आणि वर असे वाचन मागायचे, हेही अन्यायाचेच. परंतु मग ही अडचण तिच्या नावाने सांगावी. विद्यार्थी कॉपी करतील या सबबीआड लपवू नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नेमलेल्या कृतीची प्रत सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रंथालयातून मिळावी. परीक्षेत मूळ कृतीच आणू द्यावी, गाईड नव्हे. ज्याचे उत्तर पानाच्या आधाराशिवाय देता येणार नाही असाच प्रश्न विचारावा. ज्या मातीत १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरीब मुलांच्या राहण्याजेवण्याचा भार शिक्षणसंस्थेनेच उचलावा हा पायंडा पडला, तेथे एका कादंबरीच्या प्रतीचा भार उचलता येत नाही, हे पटणारे नाही.

ही मागणी सवलतीची आहे, असे समजून कोणी तिच्याकडे उदारपणे पाहू नये. ती अधिक कठोर परीक्षेची मागणी आहे. विद्यार्थ्यांसाठी कठोर, आणि त्याहून अधिक प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी.