नातीच्या तीन प्रयोगशाळा

‘नात न्यूयॉर्कला मानसशास्त्राची पदवीधर झाली आणि आता तीन प्रयोगशाळांत बिनपगारी राबते आहे. हे शिक्षण की वेठबिगारी?’ असे एका वाचक आजोबांनी विचारले आहे. पत्रात राग थोडा, काळजी अधिक. पोरीच्या जेवणाखाण्याला धरबंध नाही, फोनवर ती पेंगते, असे ते लिहितात.

आजोबा, ही वेठ नव्हे. 1949 साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेत, मानसोपचार करणारा संशोधकही असावा, असे धोरण ठरले. त्यामुळे तिथे चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश देताना संशोधनाचा अनुभव आवर्जून पाहतात. पुढे बहुधा शुल्क माफ होते, विद्यावेतनही मिळते. साहजिकच जागा मोजक्या आणि चुरस मोठी. पगारी साहाय्यकाचे काम सर्वांनाच मिळत नाही. मग सहभागी व्यक्तींना फोन करून वेळ ठरवणे, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून शब्दन्‌शब्द उतरवणे, आकडे संगणकात भरणे अशी कामे मुले विनावेतन करतात. कामे कंटाळवाणी खरी. पण हाताखालचे माणूस विश्वासाचे आहे की नाही, हे प्राध्यापकांना त्यांतूनच कळते.

तरीही आपली तक्रार मला सर्वस्वी चुकीची वाटत नाही. फुकट काम करणे ज्याच्या पाठीशी घर उभे आहे त्यालाच परवडते, हा त्या पद्धतीतला अन्यायच आहे. शिवाय तीन प्रयोगशाळा कशासाठी? अर्जासोबत साधारणतः तीन शिफारसपत्रे लागतात, म्हणून मुले तीन ठिकाणे धरतात. परंतु आठवड्यातून चार तास येऊन आकडे भरून जाणाऱ्या मुलीविषयी प्राध्यापक काय लिहिणार? एका ठिकाणी वर्षभर टिकून, बैठकीत शंका विचारून, एखादा छोटा प्रश्न स्वतः हाती घेतला, तर पत्रात लिहिण्याजोगे काही असते. वर्गात शिकवलेले प्राध्यापकही पत्र देऊ शकतात. तेव्हा दोन प्रयोगशाळा पुरेत. तिसरी सोडायची तर सत्राच्या अखेरीस, आधी सांगून सोडावी. मध्येच नाहीसे होणे फार महाग पडते.

‘मिळतात किती?’ हे तिला विचारू नका. ‘आठवड्याचे एकूण तास किती होतात, आणि अर्ज लिहायला व झोपायला कोणते उरतात?’ असे विचारा. तिच्याकडून ते कागदावर मांडून घ्या. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात असते, म्हणून हे आताच करावे. कुणाची मुलाखत ऐकली, त्यात काय होते, हे मात्र ती सांगणार नाही. ते गुपित राखणे तिचे कर्तव्य आहे. त्याने मन दुखवून घेऊ नये.

राहिले तिचे पेंगणे. सकाळचे फिरणे, चहा, वर्तमानपत्र आटोपून साडेनऊला आपण फोन लावता, असे पत्रात आहे. हिवाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे अकरा वाजलेले असतात. फोन आठाला करावा. वर्तमानपत्र नंतर वाचता येईल.